हाताची चव वहीत उतरवू या



घरात एखादीचा स्वयंपाक जमून आला की आपण म्हणतो, "हिच्या हाताला चव आहे." हे कौतुकच आहे, पण त्यात एक तोटा आहे. चव हाताची म्हटली की ती कुणी शिकत नाही, लिहून ठेवत नाही. हात थकला की चवही जाते. खरे तर त्या हातामागे डोके असते, वर्षानुवर्षांचे प्रयोग असतात.

सांदणाचे उदाहरण घ्या. आपल्याकडच्या कोकणी मुस्लिम घरांत ते होते. तांदूळ वाटायचा, नारळाच्या दुधात कालवायचा, पीठ फुगू द्यायचे आणि वाफवायचे. आज पीठ फुगवायला सर्रास यीस्ट घालतात. गोव्यातले सान्ना याच जातकुळीचे; तिथे जुन्या रीतीत माडाची सूर घालतात. मग बाजारात यीस्ट मिळत नव्हते तेव्हा आपल्या घरांत काय घालत? गावागणिक रीत वेगळी होती का? हे संशोधनाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे आपल्या दादी-नानींकडे आहेत.

पेयांचेही तसेच. 'सरबत' हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. इंग्रजी 'सिरप'ही त्याच मुळातला. कोकमाची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसूल होते. रस मिठात टिकवला की आगळ, साखरेत मुरवला की सरबत आणि आगळात नारळाचे दूध घातले की सोलकढी. रोजा सोडताना आपण जे पितो, त्यातही असे शास्त्र आहे.

लिहून ठेवल्याने काय होते? माळव्यात मांडूच्या सुलतानांच्या दरबारी इ. स. १५०० च्या सुमारास 'निमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. म्हणून त्या काळच्या समोशात काय भरत, हे पाचशे वर्षांनीही सांगता येते. दिल्लीच्या हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एका सरबताची कृती पक्की केली. ते सरबत म्हणजे रूह अफजा. प्रमाण पक्के झाले म्हणूनच त्याचा उद्योग उभा राहिला.

या विषयाचे रीतसर शिक्षणही आहे. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्नपरिषदेने सुरू केली. तरी आपल्या घरांत विचारतात, "मुलीने हॉटेलात काम करायचे?" आणि "तिथे दारूला हात लावावा लागेल ना?" दुसरी शंका प्रामाणिक आहे. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात काय आहे ते स्पष्ट विचारून घ्या. बेकरी, केटरिंग, रुग्णालयाचे स्वयंपाकघर, अन्नसुरक्षा अशा वाटाही आहेतच. पहिल्या प्रश्नाला मात्र माझा उलट प्रश्न आहे: तेच काम घरात बिनपगारी चालते, मग पगार मिळाला की ते कमीपणाचे कसे होते?

ज्यांना घरूनच डबे किंवा पदार्थ विकायचे आहेत, त्यांनी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. त्याने कामाला ओळख मिळते.

आज एवढेच ठरवू या. प्रत्येकाने घरातला एक पदार्थ किंवा एक पेय निवडायचे. मूठ आणि चिमूट वजनकाट्यावर तोलायची, वेळ घड्याळात पाहायची, बोलीतले शब्द जसेच्या तसे टिपायचे. आणि पानाच्या डोक्यावर, तिला विचारून, शिकवणारीचे नाव लिहायचे. आजवर ते कुठेच लिहिलेले नाही.