अर्धवट घर आणि पौषाची थंडी



कापसाची वेचणी सुरू आहे, तूर शेंगांवर आली आहे आणि गावोगावी घरकुलांची कामं निघाली आहेत. जुनं मातीचं घर पाडलं, भिंती उभ्या झाल्या, पण पुढचा हप्ता यायचा आहे. घरकुलाचे पैसे एकदम हाती येत नाहीत. एक टप्पा झाला, त्याचा फोटो चढला, की पुढचे पैसे. मध्ये काम थांबतं आणि तेवढ्यात थंडी येऊन ठेपते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून आज आपण बोलू, अर्धवट घर थंडीतून कसं पार न्यायचं ते.

आधी स्लॅबचं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण गारठ्यात सिमेंट हळूहळू घट्ट होतं. साधारण १५ फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू कमीत कमी ७ दिवस ठेवायचे, हा नियम हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचा आहे. आपल्या रात्री त्याहून गार असतात. म्हणून मिस्त्री घाई करत असला तरी दोन आठवडे टेकू हलवू देऊ नका. सेंट्रिंगचं भाडं थोडं वाढेल, पण छत आयुष्यभराचं आहे. स्लॅब सकाळी ऊन चढल्यावर टाकायला सांगा, म्हणजे दिवसभराची ऊब मिळते.

ऊन कमी आहे म्हणून पाणी मारणं सोडायचं नाही. पोत्यावर पीपीसी लिहिलं असेल तर किमान १० दिवस ओल टिकली पाहिजे. पाणी दिवसा मारा आणि रात्री वर ओलं बारदान, त्यावर प्लॅस्टिक किंवा तणीस पसरा.

उरलेलं सिमेंट फरशीवर ठेवू नका. खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर दूर रचा, वरून ताडपत्री झाका. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट कमजोर होतं, तेव्हा हप्ता कधी येईल याचा अंदाज घेऊनच पोती आणा. हिवाळ्यातही आपल्याकडे अवकाळी पाऊस, गारपीट होते. भिंतींचे उघडे माथे आणि बाहेर निघालेल्या सळया प्लॅस्टिकने बांधून ठेवा. ताडपत्री महाग वाटत असेल तर गटाने मिळून एक-दोन घ्याव्यात. ज्या घरी काम थांबलं त्या घरी ती जाईल.

हाती पैसे थोडे असतील तर आधी काय करायचं? आम्ही गटात बसून बोललो तेव्हा एकच उत्तर निघालं: एक खोली पूर्ण बंद करा. प्लॅस्टर, रंग नंतर. आधी एका खोलीचं दार आणि खिडकी. लेकरं, म्हातारी माणसं, बाळंतीण त्या खोलीत झोपतील. पल्ले नसतील तर चौकटीला बारदानाचे दोन थर ठोका, पण वरच्या बाजूला हातभर फट राहू द्या.

ती फट का, ते नीट ऐका. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा पऱ्हाट्यांचा विस्तव पेटवून झोपणं जिवावर बेततं. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. फट ठेवली तरी शेगडी आत घेऊन झोपायचं नाही. शेकोटी अंगणात, आणि आत गोधडी, वाकळ, खाली तणसाचा थर. कुणाला असा त्रास झालाच तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा.

तात्पुरती ओढलेली विजेची वायर ओल्या भिंतीवर लोंबू देऊ नका. विटांच्या ढिगात विंचू-साप दडतात, लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. कुणाचं घर अर्धवट आहे, त्यांची यादी काढा, आणि ज्या घरी लहान लेकरू आहे त्या घराची एक खोली आधी बंद करायला सगळ्या मिळून जा.