ब्रह्मांडातल्या वीरांचे पुढे काय होणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हा विषय आम्ही निवडलेला नाही. मंडळाच्या बैठकीत पोराटोरांनी तो सुचवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बोलायला मात्र आम्हाला उभे केले. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनी 'हे कसले मेले व्याख्यान' असे मनात म्हटले असेल. त्यांनी थोडा वेळ ऐकावे, कारण ज्या सवयीविषयी बोलायचे आहे ती त्यांचीच आहे. कीर्तनकार बुवा ऐन प्रसंगात गोष्ट थांबवून गजर सुरू करीत, तेव्हा शेजारच्याला कोपराने ढोसून 'आता बघ हं' असे आपणच म्हणत होतो. नातवंडेही तेच करतात. फक्त त्यांचे बुवा अमेरिकेत बसतात आणि दोन प्रसंगांमध्ये कधीकधी दोन-दोन वर्षे जाऊ देतात.

आमच्या पिढीला ही गोडी इंद्रजाल कॉमिक्सने लावली. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही निघत असे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले, तेव्हा सचिवालयाबरोबर नागपूरहून आलेली, भेलच्या नोकरीमुळे आलेली, ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेली अशी आपली घरे. घरात मराठी, गल्लीत हिंदी. त्यामुळे एकच माणूस आम्हाला मामाच्या गावी 'वेताळ' म्हणून भेटे आणि इथे भाड्याच्या दुकानात 'वेताल' म्हणून. त्या वेताळाची एक गोष्ट आज फार आठवते. जंगलातल्या लोकांना वाटे की हा चारशे वर्षे जगतो आहे, हा अमर आहे. वाचकाला मात्र कवटीच्या गुहेतल्या वीस कबरी माहीत असत. आपण वाचतो तो एकविसावा. बाप मरतो, मुलगा शपथ घेतो, मुखवटा तोच राहतो. म्हणजे त्या गोष्टीत मरण खरे होते.

पुढे १९८६ साली राज कॉमिक्सचा नागराज आला, १९८७ साली सुपर कमांडो ध्रुव आला, आणि गल्लीतली हिंदी जिंकली. पण पहिल्या नागराजाची चित्रे काढली ती प्रताप मुळीकांनी. पुढे संजय अष्टपुत्रे, दिलीप कदम अशी नावे पानांवर दिसत. ती वाचून आमच्या घरातले वडीलधारे थोडे नरमत: 'आपलाच माणूस आहे, वाच.'

आता आजच्या मुलांच्या ब्रह्मांडाकडे येऊ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थॅनॉस नावाचा एक महाबली आहे. जिम स्टारलिन या चित्रकार-लेखकाने तो १९७३ साली निर्माण केला. १९९१ च्या कॉमिकमध्ये, आणि पुढे २०१८ च्या सिनेमात, तो एक चुटकी वाजवतो आणि विश्वातले निम्मे जीव नाहीसे होतात. सिनेमात त्यांची राख होते. २०१९ साली आलेल्या पुढच्या भागात पाच वर्षांनी ते सगळे परत येतात. त्या खटाटोपात टोनी स्टार्क हा नायक प्राण देतो. आपल्या शहरातही मुलांनी चित्रपटगृहात हुंदके दिले, आम्हीही डोळे पुसले.

पण घरी आल्यावर आमच्यापैकी काहींना झोप लागली नाही. एका रात्रीत माणसे नाहीशी होणे म्हणजे काय, हे या शहराला सिनेमाने शिकवायची गरज नाही. १९८४ च्या डिसेंबरातली दोन आणि तीन तारखेमधली ती रात्र. ती माणसे पाच वर्षांनी आली नाहीत, दहा वर्षांनीही आली नाहीत. कारखान्याच्या आवारात उरलेला ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडावे लागले. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांच्या शेजारी बसून नातू विचारतो, 'आजी, पुढच्या भागात कोण परत येईल?' त्या प्रश्नावर आजी काय म्हणणार?

म्हणून आम्ही मुलांना स्टारलिनचीच एक जुनी गोष्ट वाचायला दिली. १९८२ चे पुस्तक आहे, 'कॅप्टन मार्व्हलचा मृत्यू'. हा कॅप्टन मार्व्हल म्हणजे दुसऱ्या ग्रहावरचा योद्धा, मार-व्हेल. थॅनॉसला हरवलेला. तो लढाईत मरत नाही, बिछान्यावर कॅन्सरने मरतो. आणि कॅन्सर कशाने? काही वर्षांपूर्वीच्या एका अंकात नायट्रो नावाच्या शत्रूशी लढताना विषारी वायूची टाकी गळू लागली होती. मार-व्हेलने ती आपल्या हातांनी बंद केली आणि शहर वाचवले. तेव्हा तो नुसता बेशुद्ध पडला. वाचक विसरले, बहुधा तोही विसरला. वायू विसरला नाही. हे पुस्तक भोपाळच्या त्या रात्रीच्या दोन वर्षे आधीचे आहे. इथल्या कोणाला ते तेव्हा माहीत असणे शक्य नव्हते. आज आपल्यापैकी कोणीही ते वाचले तर टाकीच्या त्या पानावर थांबेलच.

पुस्तकात आणखी एक जागा आहे. मार-व्हेलचा तरुण मित्र रिक जोन्स मोठमोठ्या शास्त्रज्ञ-नायकांवर चिडतो. इतकी अक्कल तुमच्यापाशी, ग्रहांवर जाता, यंत्रे करता, मग या रोगावर औषध शोधायला आजवर कोणी का बसला नाही? कोणाकडेच उत्तर नाही. ते कामाला लागतात आणि अपयशी ठरतात. ज्या शत्रूंशी तो आयुष्यभर लढला त्यांचा दूत येऊन त्याला शौर्यपदक देतो. आम्हाला वाटते, या सगळ्या ब्रह्मांडात यापेक्षा मोठा प्रसंग झालेला नाही, आणि त्यात एकही ठोसा नाही. स्टारलिनचे वडील कॅन्सरने गेले होते, ते दुःख त्याने इथे उतरवले. पुढच्या लेखकांनी मार-व्हेलला अधूनमधून सावलीसारखे आणले, पण ते मरण पुसले नाही. २०१२ पासून कॅप्टन मार्व्हल हे नाव कॅरॉल डॅनव्हर्स ही वीरांगना चालवते. वेताळाच्या गुहेसारखेच हे.

बाकीच्यांचे असे होत नाही. सुपरमॅन १९९२ साली मेला, १९९३ साली हजर. फ्लॅश १९८५ च्या महासंकटात गेला, त्याला परतायला वीसेक वर्षे लागली एवढेच. मुले आता मरणाच्या पानावर रडत नाहीत, 'किती अंकांनी येईल' यावर पैज लावतात. यात मुलांचा दोष काय?

कोणी म्हणेल, आपल्या पुराणांतही मेलेले उठतात. उठतात. ज्याच्या मंडपात आपण बसलो आहोत त्याचीच कथा घ्या. शिर उडवले गेले, मातेचा आक्रोश झाला, बाळ पुन्हा उठले. पण पहिले शिर परत मिळाले नाही. जे घडले ते त्या रूपात कायमचे दिसते, आणि आपण त्याच रूपाला हात जोडतो. पुढे दात मोडला, तोही मोडलेलाच राहिला. हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. परत आणायचेच असेल तर असे आणावे, एवढेच त्या अमेरिकन बुवांना सांगणे आहे.

आता अंदाज. मार्व्हलचे दोन मोठे सिनेमे जाहीर झाले आहेत, डिसेंबर २०२६ आणि डिसेंबर २०२७ चे. पहिल्यात डॉक्टर डूम हा खलनायक आहे, आणि तो वठवणारा नट म्हणजे टोनी स्टार्क झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर. चेहरा तोच, माणूस दुसरा. आमचा अंदाज असा की 'टोनी परत आला' या भ्रमात कोणीतरी प्रिय माणूस फसेल, बहुतेक तो कोळीवीर पीटर. त्या भ्रमाची किंमत गोष्टीने वसूल केली तर सिनेमा चांगला होईल. शेवटी खरोखरच टोनी निघाला, तर आमचे तिकिटाचे पैसे गेले.

दुसऱ्या सिनेमाचे नाव २०१५ च्या एका कॉमिकवरून घेतले आहे. त्यात सगळी विश्वे एकमेकांवर आदळून फुटतात, आणि उरलेल्या तुकड्यांची डूम एक गोधडी शिवून तिच्यावर देव होऊन बसतो. सिनेमातही गोधडी शिवली जाईल याची आम्हाला जवळजवळ खात्री आहे. मग ती उसवून नवे, कोरे विश्व मांडतील, नवे नट घेतील. ते हिशेबाच्या वहीतले काम आहे, त्यावर काय तर्क करायचा? फक्त कोरे करू नये असे वाटते. आपल्याजवळच्या भीमबेटकाला सगळे गेला आहात. आपल्या उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ती चित्रे उजेडात आणली. तिथे एका काळाच्या चित्रावर दुसऱ्या काळाने चित्र काढले आहे, आणि खालच्या रेषा अजून दिसतात. नवा घोडेस्वार आला म्हणून जुन्या रानरेड्याला कोणी खरवडून काढले नाही.

आणि आम्हाला खरे हवे ते असे. निम्मे जग पाच वर्षांनी परत आले, तेव्हा त्यांच्या घरात कोण राहत होते? बायकोने दुसरे लग्न केले असेल तर? शाळेत धाकटा भाऊ मोठा झाला असेल तर? २०२१ च्या एका मालिकेत या उखडलेल्या लोकांचा विषय निघाला, पण लगेच मारामारीत हरवला. एखाद्या लेखकाने नुसते एक मदतकेंद्र दाखवावे. रांग, अर्ज, ओळखपत्र, 'तुम्ही गेला होता याचा पुरावा आणा' म्हणणारा कारकून. भोपाळची कोणतीही आजी त्या भागाचे संवाद लिहून देईल.

आपल्या हिंदी ब्रह्मांडाचे भविष्य मात्र वेगळ्याच कारणाने अडले आहे. तिथेही सगळे वीर 'ब्रह्मांड रक्षक' म्हणून एकत्र येत, एका नागराजाच्या विश्वरक्षक, आतंकहर्ता, नरकनाशक अशा निरनिराळ्या मालिका झाल्या, भविष्यकाळात घडणारे आठ भागांचे 'नागायण' झाले. मग प्रकाशनाच्या घरातच वाटणी झाली आणि आज तेच वीर संजय गुप्ता, मनोज गुप्ता अशा वेगवेगळ्या नावांखाली छापले जातात. वाड्याची वाटणी आपण पाहिली आहे, विहीर कोणाची यावरून कोर्टात गेलेलीही पाहिली आहे. विश्वाची वाटणी पहिल्यांदाच पाहतो आहोत. आमचा तर्क असा की कधीतरी एका जाड विशेषांकासाठी सगळे पुन्हा एकत्र येतील. सणावाराला भावकी येते तशी.

मुलांनी आपापले अंदाज एका वहीत लिहिले आहेत. वही मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. आजी-आजोबांसाठी शेवटची चार पाने कोरी सोडली आहेत. अनंत चतुर्दशीपर्यंत कोणीही लिहावे, मराठीत लिहावे, नाव घालावे. डिसेंबर २०२७ चा सिनेमा लागल्यावर वही उघडू.