केळीचा पर्णगुच्छ आणि संगणकावर आखलेला आरएनए

नायगाव (ता. वसई) येथे बागायतदारांपुढे दिलेले व्याख्यान



मघाशी वाडीत फिरताना एका बागायतदारांनी मला औषधाची बाटली दाखवली. पर्णगुच्छ झालेल्या केळीवर तीन वेळा फवारले, पण झाड सुधारले नाही, असे ते म्हणाले. ते सुधारणार नव्हतेच. पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग आहे आणि एकदा विषाणू झाडात शिरला की तो बरा करणारे फवारणीचे औषध बाजारात नाही. मग शास्त्रज्ञ काय करीत आहेत, हा प्रश्न तुम्ही विचारलात, म्हणून आज थोडे वेगळ्या विषयावर बोलतो.

विषाणूला झाडात वाढायचे तर त्याच्या जनुकांचा निरोप आरएनएच्या रूपाने पेशीत पोचावा लागतो. हा निरोप ए, यू, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्याच मजकुराचा दुपदरी आरएनए पेशीत आला, तर पेशी त्याचे सुमारे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांवरून मूळ निरोप ओळखून तो कापून टाकते. जनुक जागेवरच राहते, पण मुके होते. फायर आणि मेलो यांनी 1998 साली सूत्रकृमीवर हे दाखवले व 2006 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, 1998 सालीच हवाईतील शेतकऱ्यांच्या हाती रिंगस्पॉट विषाणूला दाद न देणारी पपई आली होती. तिची प्रतिकारशक्तीही याच यंत्रणेची, हे मागाहून उमगले.

आता खरा प्रश्न असा की, विषाणूच्या हजारो अक्षरांतली नेमकी कोणती निवडायची? हे काम संगणकाचे. टोकियो विद्यापीठात 2004 च्या सुमारास तयार झालेली एसआय-डायरेक्ट किंवा जर्मनीत खास वनस्पतींसाठी केलेली सि-फाय, अशा आज्ञावली त्यासाठी आहेत. जनुकाचा मजकूर दिला की संगणक एकेक अक्षर पुढे सरकत 21 अक्षरांचे तुकडे पाडतो. 400 अक्षरांचा मजकूर असेल तर असे 380 तुकडे होतात. मग चाळणी सुरू होते. तुकड्याचे दोन पदर सुटले की त्यातला एकच कामाला लागतो. ज्याचे सुरुवातीचे टोक सैल जोडलेले, तो बहुधा निवडला जातो. ए-यू जोडी दोन बंधांची, तर जी-सी तीन बंधांची. म्हणून कोणत्या टोकाला कोणती अक्षरे आहेत हे पाहतात.

माझ्या मते याहून महत्त्वाची चाळणी दुसरी आहे. तोच मजकूर केळीच्या स्वतःच्या जनुकांत सापडला, तर विषाणूऐवजी केळीचेच जनुक मुके व्हायचे! केळीचा संपूर्ण जनुकीय मजकूर 2012 साली प्रसिद्ध झाला, त्यामुळे ही पडताळणी करता येते. तशीच ती मधमाशी आणि माणूस यांच्या मजकुराशीही करावी लागते. अर्थात संगणक फक्त उमेदवार सुचवतो. पास-नापास झाडावरच ठरते.

हे दूर परदेशातलेच काम आहे असे समजू नका. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शेखावत, गणपती व हडपद यांनी 2012 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला लागणारे जनुक त्यांनी लक्ष्य केले आणि रस्थाळी जातीच्या केळीतच त्याविरुद्धचा आरएनए तयार होईल अशी रोपे बनवली. रोगट मावा सोडूनही त्या रोपांवर सहा महिने लक्षणे आली नाहीत.

मात्र हे रोप विक्रीला नाही. जनुकीय बदल केलेल्या पिकाला केंद्राच्या मूल्यमापन समितीची मंजुरी लागते. शिवाय रस्थाळीत जमले म्हणून राजेळीत जमलेच असे नाही, तिच्यासाठी पुन्हा सगळे करावे लागेल. तेव्हा ‘आरएनएवाली केळी’ म्हणून कोणी रोपे विकायला आला तर पैसे देऊ नका.

तूर्त हाती आहे ते करा. देठावर व मधल्या शिरेखाली गर्द हिरव्या तुटक रेषा दिसतात, नवी पाने अरुंद, ताठ आणि कडेने पिवळी होऊन शेंड्याला गुच्छ करतात. असे झाड घड देत नाही. त्याचे मुनवे वरून निरोगी दिसले तरी लावू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. रोग कोयत्याने पसरत नाही. तो मुनव्यांतून आणि पानांच्या बेचक्यात बसणाऱ्या काळपट माव्यातून पसरतो. म्हणून आधी शिफारस केलेल्या कीटकनाशकाने झाडावरचा मावा मारा, मगच गड्ड्यासह सगळे बेट खणून काढा. उलटे केलेत तर मावा उठून शेजारच्या वाडीत जाईल.

लक्षणांची खात्री नसेल तर देठासह पान वर्तमानपत्रात गुंडाळून कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात दाखवा. नेताना माव्यासह नेऊ नका, तो आधी मारून घ्या.