निळी की रुपेरी?

मी बदलापूरजवळ सोनिवलीला राहतो. मुंबईहून पुण्याला निघालेली दख्खनची राणी रोज संध्याकाळी बदलापूर स्टेशनातून न थांबता निघून जाते. आमच्या घराण्याचं या गाडीशी नातं आहे. माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात रंगारी होते. त्यांचा एकच फोटो घरात आहे. हातात ब्रश, डोक्यावर टोपी, पाठीमागे डब्याची बाजू. फोटोच्या मागे त्यांच्या हातची उर्दू अक्षरं: डेक्कन क्वीन, माटुंगा. साल लिहिलेलं नाही.

फोटो अर्थातच काळापांढरा. डबा फिकट आणि त्यावर गडद पट्ट्या.

ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच बनवले होते. डब्यांच्या चौकटी इंग्लंडहून आल्या आणि वरचा सांगाडा माटुंग्याला चढला. एक संच रुपेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गर्द निळा, त्यावर सोनेरी रेघा. बाकीच्या गाड्यांपेक्षा अगदी वेगळा असा हा थाट होता. तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. म्हणजे ज्यांनी रंग दिला, त्यांना आत बसणं परवडण्यासारखं नव्हतंच.

१९९७ साली मी हे सारं वाचलं आणि फोटो घेऊन माझ्या फुफीकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. मी म्हटलं, "फुफी, आजोबांचा डबा रुपेरी होता." ती म्हणाली, "नाही रे बेटा, निळा. अब्बा जेवायला बसायचे तेव्हा त्यांच्या नखांत निळा रंग असायचा. अम्मी घासलेट लावून काढायची." मी बी.ए. झालेला, दोन कवितासंग्रह छापलेला माणूस. फोटो तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "बघ, डबा फिकट आहे. निळा असता तर काळा दिसला असता." न दिसणाऱ्या माणसाला मी 'बघ' म्हणालो. तिने फोटोवरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तुला ठाऊक." पुढच्या वर्षी ती गेली.

माझी चूक मला कळली ती बदलापुरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या मित्रामुळे. मी त्याला सहज विचारलं की तुमच्या डार्करूममध्ये लाल दिवा का असायचा? तो म्हणाला, फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही म्हणून. जुन्या काळच्या काचांना आणि फिल्मलाही दिसत नसे. लाल वस्तू फोटोत काळी यायची. उलट निळा रंग त्या फिल्मला जास्तच दिसायचा, म्हणून तो डोळ्यांना दिसतो त्याहून फिकट यायचा. जुन्या फोटोंमधलं आकाश पांढरंफटक का असतं, तेही मला तेव्हा समजलं. सर्व रंग बऱ्यापैकी ओळखणारी फिल्म १९३०च्या दशकात हळूहळू सगळीकडे रुळली.

मग आम्ही प्रयोग केला. माझ्या बायकोची पिवळ्या काठाची निळी ओढणी दोरीवर टाकली. शेजारी स्टीलच्या डब्याला लाल फीत गुंडाळली. मित्राने रंगीत फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर त्यातला फक्त निळा भाग ठेवून बाकीचा काढून टाकला. डबा फिकट, फीत काळी, हे अपेक्षितच होतं. पण ओढणीही फिकट झाली आणि पिवळा काठ काळपट! बायको म्हणाली, "माझी ओढणी कुणाला दाखवू नका, धुवट दिसते आहे." मी मात्र खाली बसलो. रुपेरीवर लाल आणि निळ्यावर सोनेरी हे दोन्ही डबे त्या जुन्या काचेवर जवळपास सारखेच उमटू शकतात.

तेव्हापासून मी जुन्या गाड्यांचे फोटो वेगळ्या नजरेने बघतो. आधी रंग नाही, तर साल शोधायचं. डब्यावर जी.आय.पी. अक्षरं असतील तर फोटो बहुधा १९५१च्या आधीचा, कारण त्या वर्षी ५ नोव्हेंबरला मध्य रेल्वे झाली. इंजिनावर 'सर रॉजर लम्ले' हे नाव दिसलं तर फोटो १९३०चा नसणार, कारण लम्ले मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ साली. हे विजेचं इंजीन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पण जतन केलेल्या इंजिनाचा आजचा रंग मी पुरावा धरत नाही. उन्हापावसात उभ्या लोखंडावर पुन्हापुन्हा हात मारावाच लागतो, आणि दर वेळी जुनाच रंग मिळेल असं नाही. जुना रंग सापडलाच तर पापुद्र्यांत. दाराच्या बिजागरीमागे, पाटीच्या खाली हलक्या हाताने खरवडलं की कांद्यासारखे थर सुटतात.

आठवणींचंही तसंच आहे. माझ्या लहानपणी साध्या गाड्यांचे डबे विटकरी होते, नव्वदच्या दशकात ते निळे होऊ लागले. त्यामुळे 'आगगाडीचा रंग कोणता' याचं उत्तर माणसाच्या वयावर अवलंबून असतं. दोघे भांडतात आणि दोघांचं खरं असतं.

आजोबांच्या डब्याचे थर मात्र खरवडता येणार नाहीत. १९६६मध्ये त्या गाडीला पेरांबूरचे नवे डबे आले. उरली पट्ट्यांची रुंदी. लाल पट्टी उठावाच्या अख्ख्या पट्टीवर असेल तर जाड, सोनेरी रेघ बारीक, असा माझा अंदाज. भिंग घेऊन पाहिलं. नेमक्या तिथेच आजोबांचा खांदा आडवा आला आहे आणि पुढचा भाग हललेला आहे.

शिवाय दोन्ही संच माटुंग्याचेच. आजोबांनी दोन्हींना हात लावला असेल. फोटो एका डब्यासमोर काढला असेल आणि नखांत राहिला असेल दुसऱ्याचा रंग. हे मला १९९७ साली सुचायला हवं होतं.

फोटोच्या मागे, आजोबांच्या उर्दूखाली, तेव्हा मी बॉलपेनने ठासून लिहून ठेवलं होतं: 'रुपेरी डबा, लाल पट्ट्या.' बॉलपेनची शाई खोडता येत नाही, कागद फाटतो. म्हणून परवा त्याखाली पेन्सिलीने एक ओळ वाढवली: 'किंवा निळा. फुफीने सांगितलं होतं.'