वर कोण येतं, खाली कोण जातं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

मला दिलेला विषय तसा रुक्ष आहे. रेडिट, हॅकर न्यूज अशी काही संकेतस्थळं आहेत. तिथे लोक बातम्यांच्या, लेखांच्या लिंक टाकतात, बाकीचे त्यांना वर नेणारं किंवा खाली ढकलणारं मत देतात आणि त्यावरून पहिल्या पानावर काय दिसायचं ते ठरतं. आपल्यातल्या बऱ्याचजणी तिथे फिरकत नाहीत. पण पत्रकार तिथे जातात, कायदा शिकणारी मुलंमुली जातात, आपल्या घरातली कॉलेजातली मुलंही जातात. बायकांबद्दलची त्यांची बरीचशी मतं तिथल्या वाचनातून तयार होतात. म्हणून आपल्याला ही यंत्रणा समजायला हवी.

या स्थळांचं म्हणणं असं, की आमच्याकडे संपादक नाही, लोकच ठरवतात. ऐकायला ग्रामसभेसारखं वाटतं ना? पण ग्रामसभेला गेलेल्या बाईला विचारा. सभा किती वाजता ठेवली, पुढे कोण बसलं, पहिलं कोण बोललं, यातच निम्मा निकाल लागलेला असतो. इथेही तसंच आहे. फरक इतकाच, की हे सगळं इथे एका सूत्रात बसवलेलं आहे.

ते सूत्र थोडं बघू. गणिताला घाबरू नका, बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बायका आहोत आपण.

रेडिट २००५ साली सुरू झालं. २००८ ते २०१७ या काळात त्याची आज्ञावली सर्वांना वाचायला खुली होती, त्यामुळे तेव्हाचं सूत्र माहीत आहे. त्यात पहिल्या दहा मतांचं वजन पुढच्या नव्वद मतांइतकं आणि त्यापुढच्या नऊशे मतांइतकं धरलेलं होतं. आणि नवेपणाला मोठी किंमत होती. साडेबारा तास जुन्या पोस्टला आत्ताच्या पोस्टशी बरोबरी करायची तर दहापट मतं हवीत. एक दिवस जुनी असेल तर सुमारे ८३ पट. आता तिथे प्रत्येकाच्या सवयी पाहूनही पान मांडलं जातं, पण ताज्याला झुकतं माप कायम आहे. हॅकर न्यूज हे २००७ पासूनचं, संगणक क्षेत्रातल्या लोकांचं स्थळ. त्याच्या चालकांनी पूर्वी जाहीर केलेल्या सूत्राने मी हिशेब करून पाहिला. शंभर मतं मिळालेली कालची पोस्ट आणि तीन मतं मिळालेली या क्षणाची पोस्ट, दोन्ही शेजारी ठेवल्या तर तीन मतंवाली वर जाते.

म्हणजे पहिला तास-दोन तास हेच सगळं. त्या वेळी जे जागे आहेत, रिकामे आहेत, ज्यांच्या हातात फोन आहे, ते ठरवणार. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आपल्याकडे फोन कुणाच्या हातात असतो आणि लाटणं कुणाच्या, हे मी सांगायला नको.

यावर अभ्यासही झालेले आहेत. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बातम्यांच्या लिंक देणाऱ्या एका स्थळावर पाच महिने, एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांवर तो केला होता. काही प्रतिक्रियांना, त्यात काय लिहिलंय ते न बघता, चिठ्ठी टाकावी तसं एक वरचं मत आधीच देऊन ठेवलं. पुढच्या माणसाने वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या प्रतिक्रियांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. एका मतामुळे! खालचं मत देऊन ठेवलं तेव्हा मात्र लोकांनी ते भरून काढलं. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात असं आढळलं, की रेडिटवर पुढे खूप गाजलेल्या लिंकपैकी निम्म्याहून थोड्या जास्त लिंक पहिल्यांदा टाकल्या तेव्हा दुर्लक्षितच राहिल्या होत्या. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या वेळेला टाकल्या आणि त्या वर गेल्या. २०१७ सालचा एक अभ्यास सांगतो, की सुमारे तीनशे लोकांची नोंद ठेवली तेव्हा त्यांनी मत दिलेल्या पोस्टपैकी ७३ टक्के पोस्ट त्यांनी उघडल्याच नव्हत्या. मथळा वाचला आणि मत दिलं.

आमच्या गटाने विडी कामगार बायकांच्या आजारांवरचा चाळीस पानी अहवाल अशाच एका स्थळावर टाकला होता. तीन मतं मिळाली. तेव्हा गटातल्या एकीने म्हटलं, लोकांना आपल्या प्रश्नाशी देणंघेणंच नाही. मला ते पटलं नाही. देणंघेणं आहे की नाही हे कळायला आधी अहवाल दिसायला हवा होता. चाळीस पानं वाचायला जितका वेळ लागतो तितक्यात तो पानावरून गेलेला होता. मांजराचं चित्र दोन सेकंदांत पाहून होतं, मत लगेच पडतं. हे सूत्र बायकांच्या विरोधात म्हणून कुणी रचलेलं नाही. ते झटपट पटणाऱ्या गोष्टीच्या बाजूचं आहे. पण आपले प्रश्न झटपट पटणारे नसतात, त्यामुळे फटका आपल्यालाच जास्त बसतो.

आपल्याच चळवळीचं उदाहरण घ्या. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सप्टेंबरात पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते एका वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये. त्यानंतर १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या. कायदा बदलला १९८३ मध्ये. ते पत्र हातोहात गेलं, बैठकांत वाचलं गेलं, त्यावर वाद झाले. कुणाला पटायला महिना लागला, कुणाला सहा महिने. ते पत्र आज अशा स्थळावर टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी शोधूनही सापडलं नसतं.

वादाचं म्हणाल तर हॅकर न्यूजवर आणखी एक व्यवस्था आहे. मतांपेक्षा वादावादी जास्त झाली की पोस्ट आपोआप खाली जाते. भांडणं टाळायला ती केली आहे, हेतू समजण्यासारखा आहे. पण समान वेतनाबद्दल लिहा, छळाच्या तक्रारीबद्दल लिहा, दहाजण वाद घालायला येणारच. मग विषय खाली. म्हणजे आपल्याला गप्प करायला आपल्याशी भांडलं तरी पुरे.

मत देणारे कोण, हेही बघा. २०१३ मध्ये अमेरिकेत प्यू या संस्थेने पाहणी केली तेव्हा रेडिट वापरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुप्पट होतं. तेव्हाची परिस्थिती काय होती? चोरून काढलेल्या बायकांच्या फोटोंचा एक गट तिथे उघड चालू होता, तो २०१२ मध्ये बाहेर बोभाटा झाल्यावर बंद झाला. २०१४ मध्ये अभिनेत्रींचे चोरलेले खाजगी फोटो आले, त्यांचा गट काही दिवस बिनधास्त चालला. ते फोटो वर गेले, कारण लोकांनी मतं दिली. सूत्राने आपलं काम चोख केलं. एड्रिएन मॅसानारी या अभ्यासक बाईंनी यावर लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की मतांची पद्धत, कुणीही गट काढू शकण्याची मुभा आणि चालकांची बघ्याची भूमिका, या सगळ्यांनी मिळून बाईविरोधी गर्दीला बळ दिलं. मला ते अगदी पटतं. नंतर एलेन पाओ या हंगामी प्रमुख असताना, २०१५ च्या सुरुवातीला, संमतीशिवाय असे फोटो टाकायला बंदी आली. जूनमध्ये छळ करणारे पाच गट त्यांनी बंद केले. लगेच त्यांच्याविरुद्धच्या घाणेरड्या पोस्ट मतांच्या जोरावर वर चढल्या. जुलैत एका कर्मचारी बाईला काढल्याचाही राग त्यांच्यावर निघाला, राजीनाम्याच्या मागणीवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि त्या गेल्या.

म्हणून दिसणं म्हणजे जिंकणं असं मी म्हणणार नाही. रेडिटवर ‘टू एक्स क्रोमोसोम्स’ नावाचा बायकांचा गट आहे. मे २०१४ मध्ये चालकांनी तो आपोआप सर्वांना दिसेल अशा यादीत घातला. प्रसिद्धी वाढली, पण अनेक सदस्य बायकांनीच विरोध केला. मासिक पाळी, गर्भपात, नवऱ्याची मारहाण यांवर जिथे मोकळेपणी बोलणं चालायचं, तिथे टिंगल करणारे आणि खाजगी संदेशातून शिव्या देणारे घुसले. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती का लागते, याचं उत्तर यात आहे.

आता तुमच्यापैकी काहीजणींनी सकाळी विचारलं, की आपल्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकून पन्नासजणींनी एकदम मतं दिली तर? एक म्हणजे हे तिथे नियमबाह्य आहे. एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी आलेली मतं ओळखली जातात, मोजली जात नाहीत, खातीही बंद होतात. दुसरं, २०१० मध्ये डिग नावाच्या स्थळावर एका गटाने संगनमताने पुरोगामी बातम्या गाडल्याचं उघडकीला आलं होतं. तेव्हा आपल्या बाजूचे लोक चिडले होते. तीच पद्धत आपण घ्यावी असं मला वाटत नाही. यावर तुमचं वेगळं मत असेल तर चर्चेत बोलूच.

करता येण्यासारखं बरंच आहे. सगळ्या जगाच्या पानावर उडी मारण्याऐवजी आपल्या शहराच्या, भाषेच्या किंवा कामगारांच्या छोट्या गटात टाका, तिथे दहा खरी मतं पुरतात. अहवाल अख्खा टाकू नका, त्यातली एक ठोस गोष्ट मथळ्यात आणा. ‘विडी कामगारांचे आरोग्य: एक अभ्यास’ असा मथळा कुणी उघडत नाही. हजार विड्यांमागे हातात किती पडतात आणि औषधाला किती जातात, ते लिहा. मथळा ओढून ताणून भडक मात्र करू नका. पहिल्यांदा नाही दिसली तर दुसऱ्या वेळी, दुसऱ्या गटात, नव्या मथळ्याने टाका, यात लाज कसली? पहिले दोन तास दोघीजणी उत्तरं द्यायला मोकळ्या हव्यात. ती जबाबदारी ठरवून वाटून घ्या, नाहीतर ती नेहमीच्या एकीवर पडते. आणि शिव्या येतील तेव्हा एकटीने वाचत बसायचं नाही, हेही आधीच ठरवा.

लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. नाव गाळलं म्हणजे झालं असं नाही. पोस्ट टाकण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तरी ती वाचून घ्या. गावाचं नाव, शाळेची पाटी, घराचा दरवाजा, यातलं काही फोटोत दिसत असेल तर तो फोटो वापरू नका.