तिघांचा मेळ



‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. तिघांनीं मिळून कामास निघावयाचें झाल्यास चौथा सोबती म्हणून खिशांत एखादा खडा टाकण्याची चालही कित्येक घरांत होती. तिघे एकत्र आले कीं दोघांची एक बाजू होते व तिसरा एकटा पडतो, हा अनुभव ह्या समजुतीच्या मुळाशीं असावा. आज मला ह्या तिसऱ्या माणसाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. त्याचें निमित्त मात्र संगीताचें आहे.

अंबरनाथास, मोरिवलीच्या कारखान्यांच्या वसाहतीपासून थोड्या अंतरावर मी राहतों. आमच्या शेजारीं एका बंद पडलेल्या दुकानांत तीन तरुण दर रविवारीं वाद्यें घेऊन बसतात. तिघेही निरनिराळ्या कारखान्यांत पाळीनें काम करणारे. एक गिटार वाजवितो व गातो, दुसरा खर्जाचे स्वर देणारी बेस गिटार वाजवितो आणि तिसरा ड्रम. ‘रॉक’ नांवाच्या पाश्चात्त्य संगीताचें त्यांना वेड आहे. प्रारंभीं आवाजाची तक्रार घेऊन मी त्यांच्या दारीं गेलों होतों. परतलों तो त्यांचा श्रोता होऊन.

एका रविवारीं तेथें वाद माजला होता. तिघांच्याच रॉक-मेळांत जगांत श्रेष्ठ कोणता? ड्रमवाल्याचा कौल ‘क्रीम’ला. गिटारवाल्याचा पक्ष जिमी हेंड्रिक्सच्या ‘एक्स्पीरियन्स’चा. बेसवाला कांहीं बोलेना. खोदून विचारलें तेव्हां त्यानें ‘रश’ हें नांव घेतलें, आणि हळूच म्हणाला, “काका, श्रेष्ठ कोणीही ठरो, बेस कोण वाजवितो हें कोणी विचारीत नाहीं.”

पुढें चौकशी करितां खरी गोष्ट कळली. त्यानें आरंभ गिटारनेंच केला होता. बेस घेण्यास कोणी तयार होईना म्हणून ती त्याच्या गळ्यांत पडली. आतां त्याला पुण्यास नोकरी मिळण्याचा योग आला होता, आणि इतर दोघे त्याच्या जागीं आधींच मुद्रित केलेले खर्जाचे स्वर यंत्रावर लावून भागेल काय, ह्याचा विचार करीत होते. वाद बाहेरून इंग्लंड-अमेरिकेचा दिसत होता. आंतून तो ह्या खोलीचाच होता. वयाचा मान म्हणून पंच मला नेमलें. मीं आठ दिवसांची मुदत मागितली, आणि रोज रात्रीं हे तिन्ही मेळ कान देऊन ऐकले.

क्रीमचें वादन ऐकून मी थक्क झालों. एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस व जिंजर बेकर हे तिघेही १९६६ सालीं एकत्र येण्यापूर्वींच नांवारूपास आलेले होते. एकाच बैठकींत तीन सवाई गवई बसावेत तसा तो प्रकार. परंतु ब्रूस व बेकर ह्यांचें वैर क्रीमच्याही आधींचें होतें. नोव्हेंबर १९६८ मध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यांनीं निरोपाचा कार्यक्रम केला, तेव्हां मेळ निघून पुरतीं अडीच वर्षेंही झालीं नव्हतीं.

हेंड्रिक्सची प्रतिभा वादातीत आहे. त्याचा मेळही १९६६ सालचाच. पण त्यांत बेस वाजविणारा नोएल रेडिंग हा मूळचा गिटारवादक. गिटारच्याच जागेच्या आशेनें तो आला आणि त्याच्या हातीं बेस देण्यांत आली! १९६९ च्या जूनमध्यें तो मेळ सोडून गेला. सूर्य एकच असला म्हणजे इतरांनीं ग्रह व्हावयाचें, हें ओघानेंच आलें. आणि माणसाला ग्रह होणें फार काळ मानवत नाहीं.

रश हा मेळ कॅनडाचा. १९७४ सालीं नील पर्ट हा ड्रमवादक त्यांत आला, आणि तेव्हांपासून ऑगस्ट २०१५ मधील लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमापर्यंत तेच तिघे राहिले. ह्यांतील गेडी ली हा बेस वाजवितां वाजवितां गातो, मधूनच कळफलकावर हात फिरवितो आणि पायानेंही स्वर दाबतो. गीतांचे बहुतेक शब्द लिहिले ते ड्रमवादकानें. अॅलेक्स लाइफसन ह्याची गिटार कधीं पुढें येते, कधीं नुसती मागें राहून भरणा करिते. पर्ट जानेवारी २०२० मध्यें निवर्तला. राहिलेल्या दोघांनीं आनिका निलेस ह्या जर्मन वादिकेला सोबत घेऊन पुन्हां दौरा काढण्याचें जाहीर केलें तें २०२५ सालीं. अखेरच्या कार्यक्रमास तोंवर दहा वर्षें लोटलीं होतीं.

हें ऐकत असतां मला घरचीच एक गोष्ट आठवली. लग्नानंतर घरीं गोंधळ घातला जाई. संबळ, तुणतुणें आणि झांज हीं त्या मेळाचीं तीन वाद्यें. सर्वांचें लक्ष संबळाकडे. झांजेचा झणत्कारही कानांत भरे. तुणतुण्याला तार एकच, आणि ती एकाच स्वरांत बोलावयाची. ‘आपलेंच तुणतुणें वाजविणें’ असें म्हणून आपण त्याची थट्टाही करितों. पण गोंधळी रात्रभर गातो तो त्याच एका स्वराला धरून. तो स्वर थांबला तर गळा कोठें टेकावयाचा?

तीच गोष्ट माणसांची. १९४४ सालीं निघालेल्या लाल बावटा कलापथकांत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे तीन शाहीर होते. पुढें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतही ह्या तिघांची शाहिरी गाजली. अण्णा भाऊंची लेखणी व अमर शेखांचा पहाडी आवाज ह्यांचें वर्णन वडील करीत, तेव्हां गव्हाणकरांचें नांव ते तितक्याच आदरानें घेत. आज पहिलीं दोन नांवें सर्वांच्या ओठांवर आहेत. तिसरें मात्र पुष्कळांना सांगावें लागतें. तिसऱ्या माणसाचें हें असेंच होतें.

पुढच्या रविवारीं मी निकाल घेऊन गेलों, पण तो सांगण्यापूर्वीं त्यांना एक परीक्षा घेण्यास लावली. एकच गाणें तीनदां वाजवावयाचें, आणि दर वेळीं एकानें स्वस्थ बसावयाचें. ड्रम थांबला तेव्हां गाणें लंगडलें. गिटार थांबली तेव्हां तें मुकें झालें. बेस थांबली तेव्हां काय हरवलें हें कोणालाच नीटसें सांगतां येईना. स्वर होते, ताल होता, परंतु गाणें जमिनीवर टेकेना. दुसरें कडवें अर्धें झालें असतां गिटारवाला आपण होऊन थांबला, आणि आपल्या मित्राकडे पाहून म्हणाला, “घे रे, वाजव.”

मग मीं निकाल सांगितला. कौशल्य तोलावयाचें तर क्रीम, प्रतिभा तोलावयाची तर हेंड्रिक्स. पण तिघांचा मेळ तोलावयाचा तर रश. पांचांच्या मेळांत एकाची उणीव दुसरा झांकतो. तिघांच्या मेळांत ती झांकावयास कोणी उरत नाहीं. म्हणून तिघांच्या मेळाची परीक्षा त्यांतील सर्वांत मोठ्या कलावंतावरून करूं नये. ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातें, त्याला सोबत्यांनीं कसें वागविलें, ह्यावरून ती करावी.

ड्रमवाल्याला हा निकाल अजून मान्य नाहीं, आणि तसें तो मला भेटेल तेव्हां सांगतो. बेसवाला पुण्यास नोकरीवर गेला. तो एक रविवार सोडून एक रविवार येतो, आणि तो येईल त्याच रविवारीं तें दुकान उघडतें. यंत्राचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

आपल्या म्हणीनें तिघांवर दोष ठेविला आहे खरा. पण आपल्याच बायाबापड्यांनीं रानांत, शेतांत, वाटेच्या मुक्कामावर पिढ्यान् पिढ्या चूल मांडली ती तीन धोंड्यांची. दोन धोंड्यांवर भांडें राहत नाहीं. आणि त्या तिहींत श्रेष्ठ धोंडा कोणता, असें स्वयंपाक करणारीला कोणी विचारलें तर ती हंसून आपल्या कामाला लागेल.