स्मगलिंगच्या कादंबरीत डबलक्रॉस कुणाचा?

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण अर्नाळकर, शिरवळकर वाचलेल्यांना स्मगलिंगची कादंबरी नवी नाही. बोट, सोनं आणि शेवटी पार्टनरने केलेला घात.

गंमत बघा, या धंद्यात लेखी काही नसतं, कोर्टातही जाता येत नाही. मग चालतो कशावर? हवालावाला नोटेचा नंबर कळवतो. ती नोट दाखवली की पैसे मिळतात. ओटीपीच म्हणा ना! नंबर फुटला की कादंबरी सुरू.

पण खरा डबलक्रॉस रायगडात झाला. फेब्रुवारी १९९३, शेखाडीचा किनारा. वाट जुनी, हप्त्याची पद्धतही जुनीच. पगार सरकारचा, म्हणजे आपला. तरी कस्टम्स आणि पोलिसांतल्या काहींनी पैसे घेऊन माल जाऊ दिला. पुढे कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. या वेळी मालात आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली.

स्मगलरने स्मगलरला फसवलं तर मला फार वाईट वाटत नाही, राव. ट्रक सोडणाऱ्या नाक्यावरच्या माणसाच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी कुणाला माहीत असेल तर नाव नक्की कळवा. पुढच्या भागात तीच घेऊ.